लाल खोळीची दुलई

हंस चावतो तेव्हा नुसता चावत नाही. चावून पिळतो. डाग आधी लाल दिसतो, मग निळा, आणि आठवड्याने पिवळा.

रेडिओवर बर्लिनचा एक माणूस इतक्या जोरात ओरडत होता, की भट्टीजवळ झोपलेली मांजर उठून अंगणात गेली.

दुलईत पिसं भरायची तर दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. कुणी हसायचं नाही. शिंक आली तर गिळायची.

म्युनिक शहरात चार देशांच्या चार माणसांनी एका कागदावर सह्या केल्या. ज्या देशाच्या नकाशावर रेघ ओढली जात होती, त्याची माणसं तेव्हा एका हॉटेलात बसून होती. त्यांना आत बोलावलंच नव्हतं.

लंडनला लोक रस्त्यात उभे राहून आनंदाने ओरडले. शांतता आली होती म्हणे.

व्लास्ताला जर्मन भाषेतलं एकच वाक्य न अडखळता येत होतं: 'मला अजून एक वाढा.'

*

ब्लाझेनाला कुणी विचारलं असतं की बाई, या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय, तर ती म्हणाली असती, "संबंध एवढाच, की माझी पोरगी तिकडे आहे."

तिकडे म्हणजे वाइनडॉर्फला. लिपिनी चेक लोकांचं गाव, तळ्यापलीकडचं वाइनडॉर्फ जर्मन लोकांचं. द्राक्षं दोन्हीकडे सारखीच, आणि त्यांना लागणारी कीडही सारखीच. मोराव्हियाच्या या कोपऱ्यात जुनी पद्धत होती. पोर अकरा-बारा वर्षांचं झालं की सप्टेंबरात ते पलीकडच्या घरी धाडायचं आणि त्यांचं पोर आपल्या घरी आणायचं. वर्षभरासाठी. एकमेकांची भाषा आली म्हणजे बाजारात फसायला होत नाही, आणि भांडण झालंच तर निदान काय ऐकतोय ते कळतं. याला हांडल म्हणत.

हांडलचा कुठे कागद नसे, की सही नसे. नियम मात्र सगळ्यांना पाठ. पोराबरोबर त्याची स्वतःची पिसांची दुलई द्यायची, म्हणजे परक्या घरात निदान वास तरी ओळखीचा. पोर आजारी पडलं तर आधी डॉक्टर, मग निरोप. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की आपलं पोर आणायला आपण जायचं नाही. जिने सांभाळलं तिनेच ते दारात आणून सोडायचं. आणायला जाणं म्हणजे तिच्या तोंडावर सांगणं, की तुझ्यावर माझा भरवसा नाही.

ब्लाझेना लहानपणी वाइनडॉर्फच्या रेझीच्या घरी राहिली होती, आणि रेझी ब्लाझेनाच्या. आता रेझीची गुस्टी लिपिनीत होती आणि ब्लाझेनाची व्लास्ता वाइनडॉर्फला. या वर्षी नका गं पाठवू, असं दोन्ही गावांनी सांगून पाहिलं होतं. रेझीने उडवून लावलं होतं. "दरवर्षी कुणीतरी ओरडतंच. म्हणून काय पोरींनी अडाणी राहायचं?"

आणि महिन्याभरात नकाशावरची ती रेघ नेमकी तळ्यावरून गेली.

*

"मी काय म्हणते ते ऐक," शेजारच्या कुन्हुता काकू म्हणाल्या. त्या कुंपणावर कोपर टेकून उभ्या होत्या, म्हणजे लवकर हलणार नव्हत्या. "गुस्टीला हलवू नकोस. निरोप धाड, की आधी आमची द्या, मग तुमची घ्या."

"गुस्टी काय पितळी भांडं आहे काकू, गहाण ठेवायला?"

"भांडंच बरं. खात तरी नाही."

"मला ऐकू येतंय हं," गुस्टी आतून चेकमध्ये ओरडली.

"ऐक की! तुझ्यासमोरच बोलतेय, पाठीमागे नाही!" काकूंनी आवाज खाली आणला. "अगं, तिचा बाप दंडावर त्या बर्लिनवाल्याची पट्टी बांधून फिरतो. उद्या म्हणाला, नाही देत तुझी पोरगी, तर काय करशील? तुझ्या हातात काय राहील?"

ब्लाझेनाचा नवरा, ऑल्डरिख, सरहद्दीवरच्या काँक्रीटच्या बुरुजात होता. एक गोळी न झाडता बंदुका उचलून मागे या, असा त्यांना हुकूम सुटला होता. जिथे अख्ख्या देशाच्या हातात काही राहिलं नव्हतं, तिथे तिच्या हातात गुस्टी होती, हे खरंच होतं. तिने आत जाऊन गुस्टीची दुलई घडी करून दोरीने बांधली.

"चल. बूट घाल."

"फर्डीला भेटून येऊ?" फर्डी म्हणजे गुस्टीला चावलेला हंस. तिने त्याला आपल्या बापाचं नाव दिलं होतं.

"लांबून भेट."

*

मोठ्या रस्त्याने जाणं शक्यच नव्हतं. मागे हटणारं सैन्य, गाड्यांवर खाटा आणि कोंबड्या लादून निघालेली माणसं, सगळा लोंढा तिकडून इकडे येत होता. उलट्या दिशेला निघालेल्या त्या दोघीच. म्हणून ब्लाझेनाने तळ्याच्या बांधावरची पायवाट धरली.

बांधाच्या मध्यावर दोन चेक सैनिक लाकडी आडणा उभा करत होते. त्यातल्या थोरल्याने विचारलं, "कुठे निघालात, मावशी?"

"हिला घरी सोडायला."

त्याने गुस्टीकडे पाहिलं, दुलईकडे पाहिलं. तो याच मुलखातला असावा, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "सूर्य बुडाला की हा आडणा पडणार. मग इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे. आमच्याकडे बघू नका, आम्हाला कुणी विचारलेलं नाही."

पुढे गेल्यावर ब्लाझेनाचे पाय थांबले. उगाच, बुटात खडा गेल्यासारखे. डोक्यात कुन्हुता काकू कोपर टेकून उभ्या होत्या. अजून परत फिरता येईल. ही पोरगी आपल्या घरात असली, तर तिचा बाप फर्डल कितीही मोठा पुढारी झाला तरी त्याला यावंच लागेल.

"मावशी, खडा गेला का?"

"हो."

"मग काढ ना."

ब्लाझेना वाकली, बूट काढला, झटकला. त्यातून काही पडलं नाही. गुस्टी एका पायावर उड्या मारत वाट बघत होती आणि चेकमध्ये हंसाला द्यायच्या शिव्या गुणगुणत होती. महिन्याभरात पोरीने सगळ्यात आधी त्याच पाठ केल्या होत्या. ब्लाझेनाने बूट चढवला.

"तुझ्या आईसमोर यातलं एक जरी म्हणालीस ना!"

"आईला सगळ्या येतात. तूच शिकवल्यास म्हणते."

"मी नाही, माझ्या आईने," ब्लाझेना म्हणाली, आणि चालू लागली.

*

वाइनडॉर्फच्या वेशीवर देवदाराच्या फांद्यांची कमान होती. बायका तिला डेलियाची फुलं खोचत होत्या. यातल्या निम्म्या बायका ब्लाझेनाच्या ओळखीच्या. एकीने हात उचलला आणि मध्येच केस सारखे केल्यासारखं केलं. खिडकीखिडकीतून लाल झेंडे लोंबत होते, पांढऱ्या गोलात काळं वाकडं चिन्ह. रेझीच्या घरावरही होता. इतरांपेक्षा जरा फिका.

ब्लाझेना त्याखाली उभी राहिली. वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं.

झेंड्याच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं रफू होतं.

दुलईची लाल खोळ उसवली तेव्हा तिच्याकडे लाल दोरा नव्हता, म्हणून तिनेच ते निळ्याने केलं होतं. व्लास्ताची दुलई. दुलईची खोळ इथे, तर दुलईखालची पोर कुठे?

अंगणातल्या बाकावर रेझीचे सासरे, अलोइस आजोबा, अक्रोड फोडत बसले होते. गुस्टीने धावत जाऊन त्यांच्या टोपीवर थाप मारली.

"आजोबा, व्लास्ता कुठाय?" ब्लाझेनाने विचारलं. तिचं जर्मन वाइनडॉर्फचंच होतं, म्हाताऱ्या बायकांसारखं, जुन्या वळणाचं.

"आधी बस."

"मी बसत नाही. कुठाय ती?"

"अगं गेली. रेझी सकाळीच घेऊन निघाली. तुमच्याकडे."

"मी तर इकडे आले!"

"ते दिसतंय मला. डोळे गेलेत, पण इतके नाहीत." त्यांनी अक्रोड फोडला, तो किडका निघाला. "कुठून आलीस?"

"बांधावरून."

"ती मोठ्या रस्त्याने गेली, गर्दीबरोबर. दोघी एकसारख्या शहाण्या. मी म्हटलं तिला, थांब, ब्लाझेना येईल. तर म्हणते, ती कशी येईल, आणायला जायचं नसतं."

ब्लाझेना बसली. हसू येतंय की रडू, हे तिला ठरवता येईना. मग तिने वर बोट केलं. "आणि हे?"

"हा माझ्या चिरंजीवांचा पराक्रम. अख्ख्या तालुक्याला एकाच आठवड्यात झेंडे हवे झाले, दुकानात लाल कापड उरलं नाही. तर याने पोरीच्या अंगावरची खोळ ओढली. तेव्हापासून रेझी त्याला सूप वाढत नाही. स्वतःच घेतो, आणि सांडतो."

"पिसं?"

"पिठाच्या पोत्यात भरून नेलीत. हिशेबाची बाई आहे."

तेवढ्यात फर्डल आला. आडदांड माणूस, दंडाला पट्टी. ब्लाझेनाला बघून तो दारातच घुटमळला. तिच्या लग्नात हाच पहाटेपर्यंत बाजा वाजवत होता.

"ब्लाझेना, तुला आता इथे थांबता यायचं नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी चांगल्यासाठी सांगतोय. उद्या आमचं सैन्य येतंय."

"जातेच आहे." ती उठली. "रफू दिसतंय हं फर्डल. लांबून दिसतंय."

त्याचे कान लाल झाले. "वेळ कुठे होता?"

"ती व्लास्ताची दुलई आहे," गुस्टी म्हणाली. चेकमध्ये म्हणाली, आणि बापाला ते कळलं, कारण त्याचंही एके काळी हांडल झालेलं होतं. ती बाकापाशी गेली. आपली स्वतःची, दोरीने बांधलेली दुलई तिने उचलली आणि ब्लाझेनाच्या हातात कोंबली.

"अगं, ही तुझी. दुलई पोरीबरोबर जाते."

"मला आजोबांची आहे. ते घोरतात, पण गरम असतात. ही ने. व्लास्ताला थंडी वाजेल."

आजोबांनी एक चांगला अक्रोड निवडून फर्डलच्या हातावर ठेवला.

*

सहा महिन्यांनी लिपिनीतही तेच झेंडे लागले. म्युनिकच्या त्या कागदावरच्या सह्या तेव्हा जागच्या जागीच होत्या.

*

त्या संध्याकाळी ऊन तळ्यावर आडवं झालं होतं. आडण्यापाशी सैनिकाने दोर हातात धरला होता, आणि पलीकडून एक बाई लगालगा येत होती. मोठ्या रस्त्यावर उलटं चालणं तिलाही जमलं नसणार. तिच्या केसांत, भुवयांवर, काळ्या शालीवर पांढरी पिसं चिकटली होती.

"पोचवली!" रेझी लांबूनच ओरडली. चेकमध्ये, अस्सल लिपिनीच्या हेलात. "पोचवली गं! कुन्हुताच्या स्वयंपाकघरात बसवून आलेय!"

"तुझीही पोचवली!" ब्लाझेना जर्मनमध्ये ओरडली, आणि तिचा आवाज चिरकला.

मग दोघी आडण्यापाशी समोरासमोर आल्या.

"तुझी ती कुन्हुता!" रेझी म्हणाली. "मला दारात उभी करून विचारते, पोरगी खरीच आणलीस का गं? मी म्हटलं, नाही, पिठाची केलीय. मग कॉफी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"कशी होती?"

"भयंकर."

दोघी हसल्या. रेझीची नजर दुलईवर गेली. तिने ती ओळखली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"गुस्टीने दिली," ब्लाझेना म्हणाली.

"त्या खोळीचं..." रेझीने सुरुवात केली.

"पाहिलं मी."

"मी कात्री लपवली होती. त्याने दाताने फाडली."

"असू दे."

"असू दे कसं? व्लास्ता त्या रात्री माझ्या कुशीत झोपली. मी तिला काय सांगायचं होतं?"

ब्लाझेनाने तिच्या भुवईवरचं एक पीस काढलं, मग दुसरं. सगळी निघणार नव्हती.

"बायांनो," सैनिक हळूच म्हणाला. सूर्याची कड पाण्याला टेकली होती.

"वर्ष पुरं झालेलं नाही," रेझी घाईने म्हणाली. "महिनाच झालाय. गुस्टीला धड शिव्याही आल्या नसतील. पुढच्या सप्टेंबरात परत पाठवते. ऐकलंस?"

"पाठव. मी आणायला येणार नाही हं."

"येऊच नकोस!" रेझी म्हणाली. ती आडण्याखालून तिकडे गेली, ब्लाझेना इकडे आली, आणि आडणा पडला.

लिपिनीत व्लास्ता कुन्हुता काकूंच्या टेबलाशी बसून आलुबुखाराच्या मुरंब्याचे पाव खात होती. आई आत आली तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं. घास गिळून, सवयीने, ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला अजून एक वाढा." एरवी त्या भाषेचा एक शब्द कानावर पडला की काकू खिडकी लावून घेत. त्यांनी मुकाट्याने अजून एक वाढला.

पुढच्या सप्टेंबरात जग पेटलं. आधी पोलंड, मग एकेक करत सगळे. ऑल्डरिखला कारखान्यात नेलं, फर्डलला आघाडीवर. गुस्टीच्या त्या दुलईखाली व्लास्ता मोठी झाली.

त्या संध्याकाळच्या तीस वर्षं आधी, त्या स्वतः पोरी असताना झालेल्या हांडलच्या अख्ख्या वर्षात, एक इकडे तेव्हा दुसरी तिकडे असल्यामुळे, एकमेकींच्या खाटेवर झोपून, एकमेकींच्या आईच्या हातचं खाऊन, ब्लाझेना आणि रेझी एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या.