कणकण

२००८ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. एम.जी. रोडच्या गल्लीतल्या आपल्या दुकानात कुंदनने लॅपटॉपच्या तळाचा शेवटचा स्क्रू काढला आणि आतला हिरवा बोर्ड दोन्ही हातांनी अलगद उचलून टेबलावर ठेवला. लॅपटॉप आणणारी बाई समोरच्या स्टुलावर बसली होती. हात कोरडे असूनही ती ते पदराला पुसत होती.

तिचं नाव नवसाबाई. मखमलाबादकडे तिचा झेंडूचा मळा होता. लॅपटॉप तिच्या मुलाचा, जीवनचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला जीवन दसऱ्याला तापाने गेला. हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

हिला फोटो हवे असतील, असं कुंदनला वाटलं. तेव्हा घराघरातले अल्बम बंद होत चालले होते, आणि माणूस गेलं की लोक त्याला शोधायला कुंदनच्या दुकानात येत. त्याने हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. फोटो शाबूत होते. ते त्याने सीडीवर उतरवून दिले.

"मावशी, हे मिळालं म्हणजे सगळं मिळालं. बोर्डाच्या मागे कशाला लागता?"

नवसाबाईने सीडी पिशवीत ठेवली. "फोटू राहू द्या भाऊ. हे चालू करून द्या. त्याला सांगितलं व्हतं मी."

मग बाकीचं कळलं. खंडेनवमीच्या दुपारी जीवन अंथरुणात होता. अंगात थोडी कणकण. सकाळपर्यंत चालणारा लॅपटॉप आता सुरू होत नाही म्हणून पडल्या पडल्या बटण दाबत होता. दारात टेम्पो उभा होता. झेंडू दसऱ्याला विकला गेला तर विकला, नाहीतर तो उकिरड्यावरच जातो. नवसाबाईने पालथा हात मुलाच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, दसरा होऊ दे, मग तुला दवाखान्यात नेते आन् ह्याला दुकानात. ती फुलबाजारातून परतली तेव्हा शेजाऱ्यांनी जीवनला दवाखान्यात हलवलं होतं. त्याला तिचं बोलणं कळत नव्हतं.

"दोनातलं एक तरी," एवढंच ती म्हणाली, आणि गुरुवारी येते सांगून जिना उतरली.

कुंदनने बोर्डाला वीज देऊन मीटर लावला. चार्जरकडून येणारी वीज सॉकेटपर्यंत ठीक होती. पुढे एका ठिकाणी मात्र ती, पाणी जमिनीत मुरावं तशी, नाहीशी होत होती. अशा वेळी तो बोटाने शोधायचा. बिघडलेला भाग तापतो. त्याने एकेका चिपवर बोट टेकवलं आणि मधल्या एका काळ्या चिपवर थांबला. ती चिप त्याने उचकटली. खाली पिवळसर थर होता, कडेला लाल. वाळलेलं हळदकुंकू. तारांवर हिरवा गंज चढला होता.

खंडेनवमीला विळे, खुरपी, फवारणीचा पंप यांच्या ओळीत नवसाबाईने मुलाचं हत्यारही, हा लॅपटॉप, मांडलं होतं. फूल पाण्यात बुडवून सगळ्यांवर सारखंच शिंपडलं होतं.

कुंदनने जागा ब्रशने घासून स्वच्छ केली, नवी चिप बसवली. लॅपटॉप सुरू झाला नाही. त्याने वीज काढली, चहा घेतला, परत आला आणि सवयीने बोट टेकवलं. चिप कोमट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावरही कोमट होती. बाकीचा बोर्ड फरशीसारखा गार.

त्याची बायको छाया, लेकीला, वैष्णवीला, शाळेत सोडून दुकानात येत असे. त्याने तिला हात लावायला सांगितलं.

"गारच आहे की. दिवसभर सोल्डरिंग धरता, बोटांना काही कळतं का तुमच्या?"

गुरुवारी नवसाबाई आली. पूजेचं पाणी आत गेलं हे सांगून टाकायचं, असं कुंदनने ठरवलं होतं. बिघाडाचं कारण तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. पण तो तोंड उघडण्याआधीच तिने पालथा हात बोर्डावर ठेवला. ठेवला तो थेट त्या चिपवर.

"ताप हाय अजून," ती म्हणाली.

तिने कमरेचा रुमाल काढला, छायाकडे पाणी मागितलं. रुमालाची घडी भिजवली, पिळली. कुंदनचा हात पुढे झाला. तिला थांबवायचं तर कशाने बिघडलं ते सांगावं लागणार होतं. त्याने हात मागे घेतला.

नवसाबाईने पट्टी बोर्डावर ठेवली. थोड्या वेळाने ती छायाकडे भिजवायला दिली. छायाने पट्टी हातात घेतली, दुसऱ्या हाताच्या पाठीला लावून पाहिली. मग कुंदनकडे न बघता ती मोरीकडे गेली. किती वेळा गेली कुणास ठाऊक. गल्लीतल्या स्कूटरींचा आवाज येत होता.

"उतरला," शेवटी नवसाबाई म्हणाली. तिने रुमाल झटकून कमरेला खोचला. बोर्ड नेला नाही. "हितंच राहू द्या. घरी त्याच्याजवळ दिवसभर कुणी नसतं."

नवसाबाईने पुढे झेंडू बंद केला. मेथी-कोथिंबीर करते, दसऱ्याला मात्र घर सोडत नाही. पूजेच्या पाण्याचं तिला कुणी सांगितलं नाही. कुंदनने कॉलेज रोडला दुकान हलवलं आणि हळूहळू कॅमेरे बसवायच्या कामात शिरला. बोर्ड त्याच्या खणात राहिला. तो कधीच सुरू झाला नाही.

खंडेनवमीला छाया मीटर आणि पकडी मांडायची, शेवटी तो बोर्ड. त्याला कोरडं फूल. वर पालथा हात टेकवून "गार आहे" म्हणायची, मग कुंदन उदबत्ती लावायचा.

एका वर्षी तिने हात टेकवला आणि "गार आहे" म्हणाली नाही. वैष्णवी सकाळपासून मलूल होती, आजीजवळ घरी झोपली होती. पूजा झाली की बघू, असं छायाच म्हणाली होती. तिने ताम्हण खाली ठेवलं आणि चपला न घालताच घराच्या रस्त्याला लागली.

कुंदनने बोर्डाला हात लावून पाहिला नाही. त्याने शटर खाली ओढलं.