कोलशेतच्या खाडीतलं ग्रीस

राणीच्या ज्युबिलीच्या साली ठाण्यातल्या एका शाळेचे हेडमास्तर महिपतराव यांनी प्राचीन ग्रीसवर नाटक लिहिलं. त्यात एक भाडोत्री युद्धनौका होती. जे शहर मोल देईल त्याच्या बाजूने लढायची, आणि शेवटी शत्रूने जास्त मोल देताच आपल्याच कप्तानाला पाण्यात ढकलून निघून जायची. ग्रीस महिपतरावांनी पाहिलं नव्हतं. पण कोलशेतची खाडी पाहिली होती, आणि तेवढ्यावर भागेल अशी त्यांची खात्री होती.

नौका म्हणून दामाजी कोळ्याचा मचवा ठरला. त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सोनेरी डोळे रंगवले. सुकटीचा वास मात्र ग्रीसलाही तसाच गेला. दामाजी आणि त्याचे सोबती भाडोत्री शिपाई झाले. कप्तान अर्थात महिपतराव. एवढी लांब भाषणं दुसऱ्या कोणाला पाठ होणार?

तालमीत ते समजावत, की भाडोत्री माणसाला काळीज नसतं. दामाजी मान डोलवायचा. त्याच्या बायकोला, मनुबाईला, हे पसंत नव्हतं. खोटं का होईना, माणसाला नावेतून ढकलणं तिला अशुभ वाटे. तिथे कमरेएवढंच पाणी असतं, असं सांगून दामाजीने तिची समजूत काढली.

प्रयोगाला गावची प्रतिष्ठित मंडळी काठावर खुर्च्यांत बसली. कप्तानाचं भाषण इतकं रंगलं की तोवर ओहोटीने मचवा खोल पाण्यात नेला. मग ठरल्याप्रमाणे शिपायांनी ढकललं, आणि पत्र्याच्या चिलखतासकट महिपतराव बुडाले. ते वर येईनात. अभिनय पाहून टाळ्या पडल्या.

नाटकाप्रमाणे शिपायांनी हसत निघून जायचं होतं. दामाजीने वल्हं टाकलं आणि उडी मारली.

काठावर पाणी ओकून झाल्यावर महिपतराव म्हणाले, "तुला उडी मारायला कोणी सांगितलं? सगळा शेवट नासवलास."

"तुमी वर येत नव्हते, मास्तर."

महिपतरावांच्या मते हा मुद्दाच नव्हता.

मनुबाईने दामाजीच्या अंगावर कोरडं लुगडं टाकलं. "घरा चला," ती म्हणाली. "त्यांना बुडाया दुसरी जागा मिळंल."

ती मिळाली. पुढचा प्रयोग शाळेच्या मोठ्या वर्गात झाला. दामाजीला प्रेक्षकांत मागे, मनुबाईशेजारी बसवलं होतं. कप्तान सतरंजीवर कोसळले, तसा तो अर्धा उठला. मनुबाईने बाही धरून त्याला खाली बसवलं.