बिनचेहऱ्यांचा कप्पा

आत्याला त्या घरात कामं ढीगभर होती, पण मान मिळायचा तो एकाच कामाचा. भावाच्या संसारात राहणारी बिनलग्नाची बहीण भाजी चिरते, इस्त्री करते, औषधं आणते, हे कुणाच्या नजरेत भरत नाही. पाहुणे आले की मात्र दादा टीव्हीसमोर ऐसपैस बसून म्हणायचा, "बोला, कुठलं वर्ष बघायचं? आमच्या बहिणीनं सगळं लावून ठेवलंय." मग आत्या हात पुसत यायची आणि कुणाचा पहिला दात, कुणाची शाळेतली शर्यत, कुणाचं सायकलवरून पडणं, हवं ते चुटकीसरशी काढून द्यायची. तेवढ्यापुरतं तिच्या चेहऱ्यावर कोवळं ऊन यायचं. पाहुणे गेले की ते उतरायचं, आणि ती खरकटी आवरायला लागायची.

जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं. टेबलावर कॉम्प्युटर आणि दोन हार्ड डिस्क, एक रोजची आणि दुसरी तिची नक्कल. घरातलं सगळं चित्रण तिनेच केलेलं. जुन्या कॅसेटी होत्या, त्यांच्याही तिनेच एकेक करून फाइली करून घेतल्या होत्या. फाइलीला नाव द्यायची तिची रीत ठरलेली. आधी वर्ष, मग प्रसंग, मग त्यात दिसणारी माणसं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. आणि प्रत्येक माणसाचा एक कप्पा. दादाचा, वहिनीचा, इंजिनचा. इंजिन म्हणजे दादाचा मुलगा. लहानपणी शिट्ट्या मारत घरभर धावायचा, आता दाढीत पांढरा केस दिसू लागला तरी इंजिनच. ज्याचा चेहरा दिसेल त्याच्या कप्प्यात फाइल जायची. ज्यात कुणाचाच चेहरा नाही, नुसती फरशी, नुसतं छत, दाराचा कोपरा, ती जायची 'बिनचेहरा' नावाच्या कप्प्यात.

आत्याचा स्वतःचा कप्पा नव्हता. कॅमेरा धरणारीचा चेहरा दिसणार कसा? आणि आईचाही नव्हता.

आई हयात होती तेव्हा कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. "माझं थोबाड टिपून काय लोणचं घालणार आहेस?" म्हणायची. पुढे पाय गेले, पलंगावर पडली, तरी तोच हट्ट. कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याचा तर तिला रागच. "तो लाल डोळा माझ्याकडे रोखून बघतो गं. झाक त्याला." म्हणून आत्याने त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून कॅमेरा चालू आहे की बंद, हे तिचं तिलाच कळेना. चालू कॅमेरा ती पलंगावर ठेवायची, ओट्यावर ठेवायची, गळ्यात अडकवून भांडी घासायची. बिनचेहऱ्यांचा कप्पा फुगला तो असा.

पण त्या कप्प्यात काय आहे, हे आत्यालाही माहीत नव्हतं, कारण ती सगळं काम मुक्यानेच करायची. वहिनीचं डोकं दुखायचं. "वन्सं, तुमचं काय ते आवाज बंद ठेवून चालू द्या," वहिनीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "जिवंत माणसांचा गोंगाट काय कमी आहे?" माणसं ओठ हलवायची, हसायची, टाळ्या पिटायची, आणि आत्या त्यांना मासोळ्यांसारखं काचेमागून बघत नावं द्यायची. त्यात कधी चूक झाली नाही. आवाजाची गरजच काय, चेहरा दिसला की झालं.

मग इंजिनला मुलगी झाली आणि घराला उधाण आलं. पिल्लूने जांभई दिली, व्हिडिओ. पिल्लू शिंकली, तीन बाजूंनी व्हिडिओ. रोज संध्याकाळी इंजिन फोन आणून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आत्या, आजचा माल." एके दिवशी त्या मालाला डिस्कवर जागाच उरली नाही.

जेवणाच्या टेबलावर विषय निघाला.

"हा बिनचेहरा काय प्रकार आहे?" इंजिन म्हणाला. "सगळ्यांत जाडजूड कप्पा तोच. बाबांपेक्षाही जाड."

"फरशा आहेत रे. छतं आहेत," आत्या म्हणाली.

"आपल्याला घर विकायचंय का?" दादा हसला. "फरशा नि छतं कोण बघणार? उडव सगळं."

"असं कसं, वन्सं कलाकार आहेत," वहिनी म्हणाली. "माणसं सगळेच टिपतात. पंख्याचं इतकं सुंदर चित्रण कुणी केलंय?"

सगळे खदखदून हसले. आत्याही हसली. त्या घरात तिच्यावरच्या विनोदाला तिनेही हसायचं, अशी वहिवाट होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उडवायला बसली. न बघता काही पुसायचं नाही, हीही तिची रीत. वर पिल्लूने रडून आकांत मांडला होता. इंजिनचे हेडफोन टेबलावर राहिले होते. निदान रडणं तरी कानांआड होईल म्हणून तिने ते चढवले आणि पहिली फाइल उघडली. स्वयंपाकघराची फरशी. ओट्याचा पाय. सांडलेलं थोडं पाणी.

"आलीस का गं, साळू?"

आत्याने ती फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. साळू. साळुंकीची साळू. या नावाने तिला हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते गेल्यावर ते नावही त्याच्यासोबत गेलं होतं. इथे ते फरशीवर, पाण्याच्या थेंबाशेजारी पडून होतं. तिने स्वतःच्या हाताने ते बिनचेहऱ्यांत टाकलं होतं.

मग पुसणं राहिलं बाजूला. रोज दुपारी ती दार लोटून घ्यायची, हेडफोन चढवायची आणि ऐकायची. पडद्याचा काठ, आणि आईचं खोकणं. कपाटाचं दार, आणि आईचं वहिनीवरचं करवादणं. उशीचा अभ्रा, आणि आई तिला म्हणतेय, "जेव गं आधी, तुझ्या हाडांचा खुळखुळा वाजतोय." एका फाइलीत नुसती परात होती आणि शेंगा सोलणारी बोटं, आणि आई गात होती. आई गायची, हेसुद्धा आत्या विसरून गेली होती.

*लेक माझी गं साळुंकी, तिचा दारातच दाणा*
*उडू म्हणता उडेना, आभाळाचा गं बहाणा*

आत्याने ती फाइल इतक्यांदा ऐकली की शेंगेचा प्रत्येक टचकन आवाज तिला पाठ झाला. तिने एक नवा कप्पा केला. त्याला नाव दिलं, 'आई'. कुणाला सांगितलं नाही. एकेक फाइल त्यात हलवताना तिला वाटे, आपण कुणाला तरी हाताला धरून उन्हात नेऊन बसवतोय.

अशाच एका दुपारी तिने छताची एक फाइल उघडली. पंखा संथ फिरत होता. कॅमेरा पलंगावर उताणा ठेवलेला असणार.

"माणूस चांगला वाटतो, आई," दादाचा आवाज, तरुण. "त्याचा होकार आहे. पुढच्याच महिन्यात करू म्हणतोय."

आत्याने ओळखलं. रेडिओ दुरुस्त करणारा. दोनदा रेडिओ दुरुस्त करायला आला होता, आणि तिसऱ्यांदा रेडिओ चांगला चालत असताना आला होता. मान खाली घालून बोलायचा, आणि बोलताना खिशातला पेचकस फिरवत राहायचा.

"चांगला आहे ते उत्तमच," वहिनीचा आवाज. "पण मग आईंना उठवायचं-बसवायचं कुणी? मी आत्ताच सांगून ठेवते, माझी कंबर गेलेली आहे."

पंखा फिरत राहिला.

"त्याला कळवा, तिची इच्छा नाही," आई म्हणाली. "आणि तिला सांगा, त्यांच्याकडून नकार आला."

"रडेल गं ती."

"रडेल दोन दिवस. मग लागेल कामाला. कॅमेरा जुना झालाय म्हणत होती, नवा आणून दे तिला."

मग पावलं वाजली. दार करकरलं. आणि आत्याचा स्वतःचाच आवाज आला, कोवळा, धावत आल्यासारखा, "गेले का पाहुणे? मी परत चहा टाकला होता की."

"आलीस का गं, साळू?" आई म्हणाली. त्याच गोड आवाजात.

वर पिल्लू रडत होती. आत्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. नवा कॅमेरा दादाने आणला होता तो दिवस तिला लख्ख आठवत होता. डोळे सुजलेले असतानाही ती हरखली होती. भावाला आपल्या मनातलं बरोब्बर कळलं, असं वाटलं होतं. त्या माणसाबद्दल ती नंतर कधी चकार शब्द बोलली नाही. नकार दिलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं? तोही बिचारा कुठेतरी असंच म्हणत बसला असेल.

तिने हेडफोनची वायर ओढून काढली आणि दाराशी जाऊन हाक मारली, "दादा, जरा ये. वहिनी, तुम्हीपण."

दोघं आली. तिने फाइल पहिल्यापासून लावली. छोट्याशा खोलीत पंखा फिरू लागला, आवाज बोलू लागले. आत्या पडद्याकडे बघत नव्हती, दादाच्या चेहऱ्याकडे बघत होती. हळूहळू त्याचे ओठ थरथरले, डोळे भरले. आता, तिला वाटलं. आता तो बोलेल. एक शब्द बोलला तरी पुरे.

"आईचा आवाज!" दादा म्हणाला. "अगं, आईचा आवाज आहे हा! इतकी वर्षं होता कुठे?"

"ती काय म्हणाली, ते ऐकलंस?"

"अं? हो, ते..." त्याने डोळे पुसले. "ते जाऊ दे गं. तेव्हाची गोष्ट तेव्हा संपली. आता आपण म्हातारे झालो. अजून आहे का असं?"

"आणि वन्सं, तुमचं वाईट काय झालं म्हणते मी?" वहिनी म्हणाली. "तिकडे जाऊन जन्मभर त्याचे रेडिओच पुसत बसला असता. इथे निदान घरचा कॉम्प्युटर तरी आहे."

"अजून आहे का, सांग ना," दादाने तिचा हात धरला.

"आहे," आत्या म्हणाली. "खूप आहे. गातेसुद्धा."

"गाते?" दादा लहान मुलासारखा स्टुलावर बसला. "सगळं नीट लाव हं. रविवारी मावशीला बोलावतो, सगळ्यांना बोलावतो. आणि यातलं आमचं तेवढं बोलणं कापून टाक. शेवटचं ठेव फक्त. आलीस का गं साळू. काय गोड आहे नाही?"

"लावते," आत्या म्हणाली.

तिचं काम कधी वेळेला चुकलं नव्हतं, याही वेळी चुकलं नाही. रविवारी माणसं जमली. पुढच्या खुर्चीत मावशी, आईची धाकटी बहीण, काठीवर हनुवटी टेकून बसली. दादाने टीव्हीवर कप्पा उघडला. 'आई'. आत एकच फाइल.

"बाकीच्या कुठायत?" दादाने विचारलं.

"उडवल्या."

"उडवल्या?"

"तूच म्हणालास ना, फरशा नि छतं कोण बघणार."

हसावं की नाही ते कुणाला कळेना. इंजिन पुढे सरकला. "थांबा बाबा, नकलेवर असतील."

"नक्कलही साफ केली. एकीवर जे असेल तेच दुसरीवर हवं, असं तूच शिकवलंस मला."

"पुसलेलं परत आणता येतं कधीकधी—"

"त्या जागेवर पिल्लूचे व्हिडिओ चढवले," आत्या म्हणाली. "दोन्हीकडे. काठोकाठ बसले बघ."

दादा तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. दोघांचं नाक एकसारखं होतं, आईवर गेलेलं.

"लावा की रे," मावशीने काठी आपटली. "ताईचा आवाज ऐकल्याशिवाय मी काही उठायची नाही."

उरलेली फाइल कुठली ते कळून दादाने रिमोट पाठीमागे धरला. मावशीने तो लहान पोराच्या हातातून खाऊ घ्यावा तसा काढून घेतला आणि चाचपडत बटण दाबलं. पडद्यावर नाव आलं. वर्ष, मग 'पाहुणे गेल्यावर', मग आई, दादा, वहिनी. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, रीतीप्रमाणे. मग पंखा फिरू लागला.

फाइल संपेपर्यंत वहिनी पिल्लूचं दुपटं घडी करत राहिली, उलगडत राहिली, पुन्हा घडी करत राहिली.

"आवाज मात्र हुबेहूब गं ताईचाच," अखेर मावशी म्हणाली. आणि मग, "चहा टाकला का कुणी?"

आत्या चहा टाकायला गेली.

त्यानंतर दादा पाहुण्यांना व्हिडिओ दाखवेनासा झाला. पण संध्याकाळी बाहेरच्या खोलीत कुणी नाहीसं बघून तो टीव्ही लावतो, आवाज अगदी बारीक करून. इंजिनला सांगून नको ते कापून घेता आलं असतं, पण ते सांगायचं कुठल्या तोंडानं? म्हणून तो स्वतःच बटण दाबत फाइल पुढे पळवतो. त्याला शेवटची हाक तेवढी हवी असते. हाताचा नेम काही लागत नाही. कधी हाक ओलांडून तो पार शेवटाला जातो, कधी मागेच राहतो.

स्वयंपाकघरात आत्या शेंगा सोलत असते. लेक माझी गं साळुंकी, ती मनातल्या मनात म्हणते, तिचा दारातच दाणा. उडू म्हणता... पुढचं तिला आठवत नाही. चाल आठवते, शेंगेचा टचकन आवाज आठवतो. इतक्यांदा ऐकलं होतं, तरी ओळ हाताला लागत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

बाहेरून बारीक आवाज येतो. "रडेल दोन दिवस. मग लागेल कामाला." दादा घाईघाईने बटण दाबतो, फाइल पुन्हा मागेच जाते, आई पुन्हा तेच म्हणते. आत्याची बोटं परातीतली पुढची शेंग उचलतात.