घळीतलं खेचर

ओतिलियाच्या बत्तीस गायींपैकी पाच लाळ गाळत उभ्या होत्या, आणि त्या पाचांपायी सगळ्या कळपाचा जीव टांगणीला लागला होता. लाळ्या-खुरकूत निघाला तर एकही वाचणार नव्हती. तिचा बाप नीकानोर सहा वर्षांचा असताना मेक्सिकोतल्या मिचोआकानात तो रोग आला होता. तेव्हा सरकारी रायफलवाल्यांनी त्यांची गुरं खड्ड्यात उतरवून मारली होती.

कॅनडाहून आलेल्या तंत्रज्ञ ग्लेनने तपासणीची तिसरी पट्टी उन्हात धरली. तीही कोरीच; रोग आहे की नाही, काहीच कळेना.

"गायींच्या तोंडाला काय लावलंत?" गुरांची डॉक्टर मारिसेला हिने विचारलं.

"लिंबू-मीठ," नीकानोर म्हणाला. "तुमच्या पट्ट्या नव्हत्या तेव्हापासून लावतोय."

"झालं. लिंबाच्या आंबटाने विषाणूच मरतो; नमुन्याची पार वाट लावलीत, आजोबा. यावरून राजधानीतली प्रयोगशाळा तरी काय सांगणार? तीन देशांनी मिळून लस साठवलीय, पण रोगाचं नाव ठरल्याशिवाय थेंबभर मिळत नाही. आणि नाव ठरलंच नाही, तर वरचे लोक वाईटातलं वाईट धरून चालतात." ती थांबली. "एखादं घोडं, खेचर लाळ गाळतंय का?"

"नाही," म्हातारा प्रश्न संपायच्या आत म्हणाला.

ओतिलियाने मान खाली घातली. पहाटेच त्याने लाळ गाळणाऱ्या प्रिएताला, त्यांच्या काळ्या खेचराला, घळीत नेऊन बांधलं होतं. 'रायफलवाल्यांच्या नजरेला पडलं नाही, तेवढंच वाचतं,' त्याने बजावलं होतं. 'त्या साली आमचं खेचर तेवढं वाचलं, ते असंच.'

"तिथेच अडलं," मारिसेला म्हणाली. "घोड्या-खेचरांना लाळ्या-खुरकूत होतच नाही. त्यांना फोड आले, तर रोग बहुधा दुसराच. दिसायला हुबेहूब, पण पंधरा दिवसांत जनावर चरायला लागतं. असं एक खेचर असतं, तर मला भांडायला तोंड तरी असतं."

ओतिलिया उठली.

"खाली बस," बाप म्हणाला.

पन्नाशी उलटली तरी तिने बापाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आज पडू दिला. घळीपर्यंत ती जवळजवळ धावतच गेली. तिला बापाची भीती वाटत होती, आणि आपण खेचरही घालवतोय की काय, याची त्याहून जास्त.

तिने सोडवून आणलेल्या प्रिएताच्या जिभेवर दोन फोड अजून शाबूत होते. घाईत तिला लिंबू लावायचं राहूनच गेलं होतं. ग्लेनने फोडातलं पाणी नव्या पट्टीवर सोडलं. पट्टीवर दोन्ही रोगांसाठी वेगवेगळ्या जागा होत्या. लाळ्या-खुरकुताची जागा पांढरीच राहिली. दुसऱ्या जागी हळूहळू रेघ उमटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजधानीतूनही तेच आलं: लाळ्या-खुरकूत नाही, दुसराच रोग. ओतिलिया गोठ्याच्या दारातच मटकन बसली आणि मनसोक्त रडली.

नीकानोर प्रिएताच्या गळ्याशी हात ठेवून उभा होता.

"डॉक्टरीणबाई, घोड्या-खेचराला तो रोग कधीच होत नाही?"

"कधीच नाही."

म्हाताऱ्याने बराच वेळ खेचराची मान खाजवली.

"त्या सालचं आमचं खेचरही लाळ गाळत होतं," तो म्हणाला. "मीच दोर धरून त्याला घळीत नेलं होतं."