शेवंताबाईंचा तास

"हा तास शेवंताबाईंचा होता, सदफ. त्यात तुझी अम्मी कुठून आली?"

रत्नाताईंनी आवाज चढवला नव्हता, तरी सदफ मान खाली घालून बसली. धुळ्याच्या या समुपदेशन केंद्रात ताईंना एकोणीस वर्षं झाली होती. नव्या मुलींना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच. दोंडाईच्याची सदफ तीन महिन्यांपूर्वी रुजू झाली होती. तिला आता एकटीनं लोकांशी बोलू द्यायचं की नाही, हे ताईंना आज लिहून द्यायचं होतं.

"चुकलं, ताई. तोंडातून निघूनच गेलं."

शेवंताबाई साक्रीकडच्या एका खेड्यातल्या. त्यांची तरणी मुलगी दिवाळीत तापानं गेली. चार वेळा त्या ताईंसमोर येऊन बसल्या आणि एक शब्द न बोलता उठून गेल्या. ताईही गप्प राहिल्या. माणूस आपल्या वेळेला बोलतं, आपण घाई करायची नाही, असंच त्या शिकवत आल्या होत्या. जळगावच्या शिबिरात तर त्यांनी नाव न घेता हेच उदाहरण दिलं होतं.

आज त्यांनी सदफला पुढं बसवलं आणि स्वतः कोपऱ्यात बसल्या. दहा मिनिटं तशीच गेली. मग सदफ एकदम म्हणाली, "माझी अम्मी गेली ना, तेव्हा मी तिची ओढणी लपवून ठेवली होती. कुणी धुवू नये म्हणून."

शेवंताबाईंनी वर पाहिलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मी धुई टाकी वं, पोर. मनी पोरनी साडी. आते वास बी नही ऱ्हायना."

आणि पाऊण तास त्या बोलत राहिल्या.

"पण मागच्या महिन्यात ते निंबाभाऊ आले होते, त्यांनाही तू अम्मीचंच सांगितलंस," ताई म्हणाल्या. "ते आपलं दुःख सोडून तुझीच समजूत काढत बसले. पुन्हा आलेच नाहीत."

"हो ना. मग कधी सांगायचं आणि कधी नाही, ते तुम्हीच सांगा ना."

ताईंनी समोरचा परवानगीचा कागद बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, "तू त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलीस. काय म्हणाल्या?"

सदफ चाचरली. "म्हणाल्या... 'त्या मोठ्या ताई बोलतसच नही. माले वाटे, मनंच काही चुकनं.'"

चार तास. ती बाई चार तास आपली चूक शोधत बसली होती, आणि ताईंना वाटलं होतं, तिला विसावा मिळतोय. मग आधीच्या वर्षांत असे किती जण गप्प बसून गेले असतील? त्यांना कुणाकुणाचे चेहरे आठवायला लागले, नावं मात्र आठवेनात.

सदफ गेल्यावर त्यांनी कागदावर 'परवानगी द्यावी' असं लिहिलं. खाली 'कारण' असं छापलेलं होतं. ती ओळ कोरीच राहिली.

पुढच्या मंगळवारी शेवंताबाई आल्या आणि ताईंना बघून दारातच थबकल्या.

"ती पोर कोठे शे? माले तिनासंगेच बोलनं शे."

ताई उठल्या. सदफला बोलावून त्यांनी आपल्या खुर्चीवर बसवलं, बाहेर आल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं. समोरच्या बाकावर पहिल्यांदाच आलेली एक म्हातारी आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. ती सरकली, जागा करून दिली.

"तुम्हना नंबर कितवा शे, ताई?"

"माहीत नाही, अक्का," ताई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.