कस्तुराबाईच्या हाताचं दार

इंझोरीच्या रामकिसनची मारुती पंचवीस वर्षांची म्हातारी. तिचं डावीकडचं पुढचं दार गेल्या महिन्यात मार्केट यार्डात मागे येणाऱ्या एका ट्रॉलीने चेपून टाकलं. लोक हळहळले, पण खरं सांगायचं तर ते दार आधीच अर्धमेलं होतं, आणि त्यात दोष गाडीचा नव्हता. दार उघडं टाकायचं, त्यावर दोन्ही कोपरं टेकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी तुरीवर नाहीतर सरकारवर बोलत राहायचं, ही रामकिसनची जुनी खोड. असा भरल्या अंगाचा माणूस वर्षानुवर्षं रेलला तर लोखंडही खाली बसणारच. ते बसलेलं दार लावणं घरात एकट्या रामकिसनलाच जमायचं, आणि त्याचा त्याला उगाच अभिमानही होता.

अकोल्याच्या भंगारातून त्याने तशाच गाडीचं एक दार शोधून आणलं. गाडी पांढरी, दार मरून. रंगाची त्याला फिकीर नव्हती. फिकीर होती ती बायकोने घातलेल्या अटीची.

कस्तुराबाईला दिवाळीच्या आधी लकवा मारून गेला होता. डावा पाय काठीच्या आधाराने चालता झाला, डावा हात मात्र अजून रुसलेलाच. वाटी धरायचा, तांब्या सोडून द्यायचा. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी दोघा-तिघांनी धरून तिला गाडीत कोंबलं होतं. कुणी पाय उचलून आत ठेवला, कुणी "हात आत घ्या, हात आत घ्या" म्हणून ओरडलं, आणि कुणीतरी धाडकन दार आपटलं. पदर दारात अडकला. घर येईपर्यंत ती तशीच मान वाकडी करून बसली, कुणाला काही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर ती गाडीत बसली नाही.

आणि आता धनजला नातीचं बारसं होतं. लेकीचं, निकिताचं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते आईच्या दुखण्यामुळे सासरीच उरकावं लागलं. हे कस्तुराबाईला आतून फार लागलं होतं. नातीचं तोंड तिने अजून फक्त फोनवर पाहिलं होतं.

"येईन मी," ती नवऱ्याला म्हणाली होती. "पन नवं दार लावून राह्यले न तुमी, तं ते माह्या हातानं लागलं पायजे. ह्याच हातानं." उजव्या हाताने तिने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. "मले पोत्यासारखं आत टाकून वरून कोनी दार आपटलेलं चालनार नाही. नाही लागलं तं तुमी एकटे जा. आन् माह्या हाताची दवंडी दुकानादुकानात पिटू नोका."

ही शेवटची ताकीद रामकिसनने तंतोतंत पाळली, आणि घोटाळा तिथेच झाला.

कारंज्याला मानोरा रस्त्यावर दिलावरचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. दिलावर साठीला टेकलेला, दाढीला मेंदी, बोलायला गोड आणि कामाला चेंगट. वडिलांनी घालून दिलेला एक रिवाज तो कधी मोडत नसे: दार बसवल्यावर शेवटचा हात मालकाचा. आपलं काम झालं की तो बाजूला व्हायचा आणि मालकाला म्हणायचा, लावा. मालकाच्या हाताला पटेपर्यंत पाना खाली ठेवायचा नाही, आणि एकदा पटलं की आपण त्या दाराला बोटही लावायचं नाही. "दार गाडीले नाही, हाताले बसवा लागते," असं त्याचं म्हणणं. लोक त्याला चक्रम म्हणायचे आणि गाड्या त्याच्याकडेच आणायचे.

बारशाच्या आदल्या दुपारी दोघांनी मिळून दार चढवलं. खाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा, त्यावर पोत्याची घडी आणि घडीवर दार. दाराचं कुलूप जिच्यात जाऊन अडकतं ती खांबावरची कडी दिलावरने आधीच काढून ठेवली होती.

"हे राह्यली तं दार खोटं बोलते," तो म्हणाला. "कडी त्याले ओढून धरते, मंग कब्जे वाकडे असले तरी दिसत नाहीत."

कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, त्याने अर्धवट आवळल्या. जॅक चिमूटभर वर केला, मागे जाऊन एक डोळा मिटून फट पाहिली, परत येऊन तो चिमूटभर खाली केला. असं किती वेळा चाललं कोण जाणे. रामकिसनला दोनदा चहा झाला. शेवटी मागच्या दाराची रेघ आणि या दाराची रेघ एका ओळीत आली, तेव्हा त्याने बोल्ट पक्के केले, कडी परत लावली आणि दार एका बोटाने लोटलं. टक्. लागलं.

"कब्ज्यात सूतभर खेळ हाये. जुन्या मालात तेवढा असतेच. लावा आता तुमी."

रामकिसनने लावलं. दार कडीवर आपटून परत आलं. त्याने पुन्हा लावलं, ते पुन्हा परत आलं.

दिलावर चक्रावला. आत्ता तर बोटाने लागलं होतं. "कसं पायजे भाऊ तुमाले?"

"हलकं. बम हलकं. लेकराच्या हातानंबी लागलं पायजे."

"लेकरू कोन हाये घरी?"

"नाही... असंच आपलं." रामकिसन टपावरची धूळ पुसू लागला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशातली गत. हात बायकोचा आहे, डावा आहे आणि त्यात जोर नाही, एवढं त्याच्या तोंडातून निघालं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

दिलावरने मालकाच्या हाताचा मान ठेवला आणि कडी सूतभर वर घेतली. रामकिसनने दार लावलं. या वेळी ते अलगद जाऊन बसलं. त्याने चारदा उघडून चारदा लावलं, चारही वेळा बसलं. रिवाजाप्रमाणे दिलावरने मग दाराला हात लावला नाही. रामकिसन शीळ घालत गावाकडे निघाला.

सकाळी कस्तुराबाई जांभळं लुगडं नेसून तयार होती. मांडीवरच्या पिशवीत नातीची झबली आणि टोपडं. ती आधी सीटवर आडवी बसली, मग उजव्या हाताने डावा पाय आत घेतला. हे सगळं होईस्तोवर रामकिसन बाजूला चुळबुळत उभा. मग तिने डाव्या हाताची बोटं एकेक करून दाराच्या आतल्या मुठीवर बसवली आणि दार ओढलं.

दार कडीपर्यंत आलं आणि मागे गेलं.

तिने पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा अख्खं अंग मागे टाकून ओढलं, कपाळावर घाम आला. दार लागलं नाही.

ती रडली असती तर रामकिसनला काही सुचलं असतं. ती रडली नाही. तिने पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली. "हे निकिताले द्या. टोपडं मोठं झालं तं म्हना, पुढं होईन." आणि ती काठी चाचपू लागली.

"अवं मी लावतो न! हळूच लावतो, एकच डाव," रामकिसन काकुळतीला आला.

"नाही."

रामकिसन दारापासून मागे सरला. या बाईने उभ्या जन्मात हट्ट असा केला नव्हता, आणि केला तो एवढासा. तेवढाही आपल्याला पुरवता येऊ नये? "उतरू नोको, थोडी थांब," एवढं म्हणून तो गोठ्यामागे गेला आणि त्याने दिलावरला फोन लावला. काल पोटात ठेवलेलं सगळं आज एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाला, "माह्या बायकोच्या हाताचं दार हाये ते, दिलावरभाई."

मग दिलावर म्हणाला, "या अल्ला! म्हंजे मालक घरीच बसला होता, आन् मी दुसऱ्याच्याच हाताले दार बसवलं? कुठी जाऊ नोका. आलोच."

आला तो मोटारसायकलवर, पान्यांची पिशवी गळ्यात अडकवून. "सलाम वहिनी," म्हणाला. तिच्या हाताकडे त्याने पाहिलंच नाही, सरळ दाराकडे वळला. "लावा भाऊ." रामकिसनने बाहेरून लावलं, लागलं. "आता तुमी, वहिनी." कस्तुराबाईने आतून ओढलं, नाही लागलं. पुन्हा रामकिसन, लागलं. दिलावर उकिडवा बसून दाढी खाजवू लागला.

"दिलावरभाऊ," आतून नवऱ्याकडे मान करत कस्तुराबाई म्हणाली, "तुमी दाराकडं कायले पाहून राह्यले? यायच्या हाताकडं पाहा. हे दार लावत नाहीत. उचलतात."

दोघांनी रामकिसनच्या हाताकडे पाहिलं, रामकिसननेसुद्धा. चार बोटं मुठीखाली, कोपर वाकलेलं, टाचा जमिनीवरून सुटलेल्या. जुनं बसलेलं दार उचलल्याशिवाय लागत नसे, तर हाताने उचलायची सवय लावून घेतली. आता दार बदललं, हात कुठला बदलायला! जित्याची खोड. कब्ज्यातला तो सूतभर खेळ रामकिसन दर वेळी वर उचलून घेत होता, आणि काल दिलावरने कडी नेमकी तिथे नेऊन ठेवली होती.

दिलावरने कपाळावर हात मारून घेतला. "तुमाले कसं समजलं वहिनी?"

"मले रोज उचलतात न," ती म्हणाली. "खाटेवरून उठाव म्हटलं का काखेत हात. मी अर्धी उठलेली असली तरी उचलतातच. आपल्यानं उठनं होते का नाही, हे मले अजून समजलंच नाही."

"मंग सांगतलं काहून नाही कधी?" रामकिसनने विचारलं.

"तुमाले वाईट वाटलं असतं."

रामकिसनची कानशिलं तापली. लाज तर वाटलीच, पण लाजेपेक्षा माया जास्त दाटून आली. इतके महिने तो तिला जपत होता, आणि ती गुपचूप त्यालाच जपत होती.

दिलावरने कडी खाली घेतली. दाराच्या रबराला खडू फासला, दार लावून उघडलं, आणि खांबावर जिथे खडू जास्त उमटला होता तिथलं रबर चेपून मऊ केलं. "आता शेवटचा हात तुमचा, वहिनी. लावा." तिने ओढलं, अर्धं लागलं. त्याने कडी केसभर सरकवली. तिने पुन्हा ओढलं. दर वेळी रामकिसनचा हात आपोआप दाराकडे जायचा.

"हात मांगं बांधा," कस्तुराबाईने दटावलं. त्याने शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधले.

टक्.

तिने लगेच उघडलं आणि पुन्हा लावलं. टक्. तिसऱ्यांदा लावलं ते निव्वळ आवाज ऐकायला. दिलावरने न विचारता पाना पिशवीत टाकला.

"बसा न मंग," ती नवऱ्याला म्हणाली. "उशीर होऊन राह्यला."

धनजला निकिताच्या घरासमोर गाडी थांबली, तशा ओट्यावरच्या बाया धावत आल्या. दोघींनी दाराला हात घातलासुद्धा. "सोडा बाई, सोडा," कस्तुराबाई आतून म्हणाली. "कोनी हात लावू नोका." बाया मागे सरकल्या. निकिता बाळाला उराशी धरून दारात उभी होती.

रामकिसनने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट धरून समोर पाहत बसला. बाजूला पाहिलं असतं तर हात गेलाच असता. दार उघडल्याचा आवाज आला. काठी टेकल्याचा आला. मग बराच वेळ काहीच नाही. पाय अडकला असेल? तोल गेला तर? तरी त्याने स्टेअरिंग सोडलं नाही. याच्यापेक्षा नांगर ओढायला लावला असता तरी परवडलं असतं.

टक्.

समोरचं सगळं अंधूक झालं, तेव्हा आपण रडतोय हे त्याला कळलं. डोळे पुसायलाही हात निघेनात. काठीचा आवाज गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आला, आणि कस्तुराबाई काचेशी वाकली.

"उतरा न आता," ती म्हणाली. "का तुमचंबी दार मीच उघडू?"