शेवटच्या कोनाचा बाण

काचबिंदूनं ह्यांचं गाडी चालवणं सुटलं, त्या वर्षी मी गाडी शिकले. छप्पन्नाव्या वर्षी. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत बायका हसल्या, हसोत बापड्या. शिकवणारे हेच. शेजारच्या सीटवर बसून सांगायचे, "क्लच. आता दुसरा गिअर. घाई नको सिंधू, आरती नाही ही, प्रसादाआधी संपवायला." समोरचं मला दिसे आणि रस्ता त्यांना कळे. दोघांचं मिळून एक माणूस गाडी चालवत असे.

ह्यांचा शाळेतला जुना विद्यार्थी योगेश अकोल्याला मोटारींच्या स्पर्धा भरवतो. ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. मोकळ्या मैदानात, रस्त्यावर ठेवतात तसले नारिंगी कोन मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची, आखलेल्या वाटेनं लवकरात लवकर परत यायचं. कोनाला धक्का लागला तर वेळ वाढतो. कोन चुकीच्या बाजूनं घेतला तर फेरीच बाद. नवशिक्यांना शेजारी वाट सांगणारा माणूस बसवता येतो. हे कळलं आणि ह्यांनी माझ्यामागे लकडाच लावला.

"वाट मी सांगेन. तेवढं तरी मला अजून जमतं."

त्या 'अजून'साठी मी हो म्हटलं.

दिवाळी झाली होती, चातुर्मास संपत आला होता. दर चातुर्मासात मी एक नेम धरते. ह्या वर्षी खोटं बोलायचं नाही, हा धरला होता. "भाजीवाल्यांचं फावलं म्हणायचं," असं हे म्हणाले होते, पण नेम मोडू नये म्हणून घरात तेच मला जपत. शेजारीण आली की माझ्याआधी बोलून मोकळे होत.

अकोल्याबाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या पटांगणात कोन मांडले होते. शर्यतीआधी वाट पायी फिरून पाहू देतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून हे चालले. प्रत्येक कोनापाशी थांबले, ओठांतल्या ओठांत पुटपुटले. प्रत्येक कोनाला लावलेल्या पाटीवर काळा बाण होता, कोणत्या बाजूनं वळायचं ते सांगणारा.

"बाण दिसतात ना?" मी विचारलं.

"दिसतात गं. एवढाले तर आहेत."

माझ्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. योगेश म्हणाला, "काकू, वेणी घालून या लागत होतं. अन् पाय दाबजा जरा! सर, काकू लई हळू चालवून राहिल्या तं सांगा मले."

"तुझ्यापेक्षा बरी चालवते ती. तू शाळेच्या भिंतीले सायकल ठोकली होती."

आमच्या आधीच्या गाडीचं तेल शेवटच्या कोनापाशी सांडलं. त्यावर माती टाकून, तो भाग टळावा म्हणून पोरांनी तिथला बाण फिरवला. आधी उजवीकडून वळायचं होतं, आता डावीकडून. योगेशनं लांबूनच हात करून ओरडून सांगितलं, "सर, शेवटचा कोन पाहून घ्या बरं!"

"पाहिला!" ह्यांनी अंगठा वर केला. बाण मीही पाहिला होता. मग मी वेगळं सांगितलं नाही.

झेंडा पडला. "पहिला, दुसरा... डावी घे... सोड, सोड... आता उजवी, थोडीच!" वर्गात घुमायचा तो आवाज कितीतरी महिन्यांनी परत आला होता. माझे हात त्या आवाजाच्या मागे नुसते जात होते. भीती कुठं गेली कळलं नाही. मला वाटतं, त्या एवढ्याशा वेळात आम्ही दोघंही फार सुखात होतो.

शेवटचा कोन आला.

"उजवीकडून! पूर्ण उजवी, सिंधू!"

समोर बाण डावीकडे होता. चांगला हातभर मोठा. बाणाप्रमाणे वळले तर हे विचारणार, मी उजवी म्हटलं ना? मग मला खरं सांगावं लागणार.

मी उजवीकडे वळले.

गाडी थांबली तेव्हा हे डॅशबोर्डवर थापा मारत होते. "एकही कोन पडला नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात माइकवर आवाज आला, शेवटचा कोन उलट्या बाजूनं, फेरी बाद. योगेश धावत आला. "काकू, बाण फिरवला होता न! डावीकडं होता. कावून उजवीकडून गेल्या?"

ह्यांचा हात हवेतच राहिला.

"अरे, सवय," मी म्हटलं. "रोज औदुंबराला प्रदक्षिणा घालते ना मी. ह्यांनी डावीच सांगितली होती, माझाच हात उजवीकडे वळला."

"घ्या! काकूनं कोनाचाच देव केला!" सगळे हसले, प्रेमानंच हसले. योगेश निघून गेला.

हे हसले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "चातुर्मास संपला नाही अजून, सिंधू."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बाण दिसलाच नाही मला. एकही नाही दिसला. चालताना तुझा खांदा कुठं वळतो, ते पाठ केलं होतं मी." त्यांनी चाचपडत पट्ट्याचं बटण शोधलं. मी मदत केली नाही. केली असती तर त्यांना अधिक लागलं असतं. "दुसऱ्या फेरीला योगेशला बसव."

"मला नाही जायचं."

"जा. नाव पुकारतील आपलं."

मी गेले. योगेशनं वाट सांगितली, मी बाण पाहिले, फेरी चोख झाली. टाळ्या पडल्या. दोरीपाशी उभे राहून हेही वाजवत होते. सगळ्यांनी सुरू केल्यानंतर थोड्या वेळानं.

परतताना मूर्तिजापूर आलं, गेलं. एरवी ह्या रस्त्यावर ह्यांचं तोंड थांबत नसे. इथं ट्रक आडवा येतो, हॉर्न दे. इथं उतार आहे, पाय काढ. आज काच वर करून गप्प होते. एका गावापाशी गतिरोधक आला. मला स्वच्छ दिसला. मी वेग कमी केला नाही. ओरडावं त्यांनी, एकदा तरी रागवावं, एवढंच मागत होते मी.

गाडी जोरात आदळली. मागे डब्याचं झाकण उघडून पोळ्या सांडल्या. ह्यांनी हात वर करून दारावरची कडी घट्ट धरली. घर येईपर्यंत ती तशीच धरून बसले, परक्याच्या गाडीत बसावं तसे.